‘हात सरळ’ म्हणावं की ‘परातीत टाक’?

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला चेंडू फेकायला शिकवत होती. मुलाला ऑटिझम आहे. "हात वर घे, कोपर सरळ कर, बॉलाकडे बघ, पाय फुडे टाक, आता मार!" एका दमात पाच सूचना झाल्या. मुलाने चेंडू अलगद ओल्या वाळूत ठेवला आणि लाट मागे सरताना वाळूवर उरणाऱ्या फेसाच्या रेघेकडे बघत तो उभा राहिला. आईचा चेहरा उतरला. मला म्हणाली, "तेचां लक्षच नसतां ओ, मॅडम."

लक्ष होतं. एवढं एकाग्र लक्ष तुमच्या-माझ्याकडे क्वचितच असतं. ते फेसाच्या रेघेवर होतं, इतकंच. तालुक्यातल्या शाळाशाळांत विशेष शिक्षिका म्हणून फिरताना "लक्ष नाही" ही तक्रार मी रोज ऐकते. म्हणून हा लेख आई-वडील, आजी-आजोबा, अंगणवाडी ताई आणि खेळाचे शिक्षक यांच्यासाठी लिहिते आहे. मुलाला फेकणं, पकडणं, पोहणं, सायकल, बटण लावणं असं काही शिकवताना आपण त्याचं लक्ष नेमकं कुठे न्यायला सांगतो, यावर तो किती आणि कसं शिकतो हे बरंचसं अवलंबून असतं. आपण मात्र तोंडाला येईल ते सांगत सुटतो.

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द रूढ आहे, पण मला तो पटत नाही. ही मुलं स्वतःत मग्न असतात असं नाही, ती एखाद्या गोष्टीत मग्न असतात. पंखा, फेस, चाक, दोरीची गाठ, काहीही. दिना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ साली मांडलेला विचार मला जवळचा वाटतो. त्यांच्या मते ऑटिझममध्ये लक्ष एका अरुंद वाटेने, पण मोठ्या जोराने वाहतं. त्यातले लॉसन स्वतः ऑटिस्टिक आहेत. अशा मुलाला एका दमात पाच सूचना देणं म्हणजे पाच वाटांनी ओढणं. तो एकाही वाटेने जात नाही आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

हालचालींची अडचण ऑटिझमच्या निदानाच्या मुख्य निकषांत नाही, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पण ती नवी नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर लिहिलेल्या पहिल्या निबंधातही काही मुलांच्या चालण्यातल्या आणि मोठ्या हालचालींतल्या अवघडलेपणाची नोंद आहे. आपल्याकडे मात्र बोलणं आलं की नाही याचीच काळजी आधी होते. चेंडू पकडता येत नाही म्हणून मूल खेळाबाहेर राहतं आणि खेळाबाहेर राहिलं की बोलायलाही कोणी उरत नाही, हे फार उशिरा ध्यानात येतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शिकवताना सूचना दोन प्रकारे देता येते. एक आतली सूचना, म्हणजे शरीराविषयीची: ‘कोपर सरळ कर’, ‘मनगट सोड’. दुसरी बाहेरची सूचना, म्हणजे हालचालीचा परिणाम जिथे दिसतो तिथली: ‘पिशवी परातीत पाड’, ‘चेंडू त्या माडाकडे जाऊ दे’. गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेला हा फरक स्वतः विंडसर्फिंग शिकताना जाणवला. पायांकडे लक्ष दिलं की वळण बिघडायचं, पायाखालच्या फळीकडे दिलं की जमायचं. मग १९९८ साली तिने आणि सहकाऱ्यांनी बर्फावर घसरण्याचा सराव देणाऱ्या यंत्रावर लोकांना उभं करून ते तपासलं. काहींना पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या फळीच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे चांगलं शिकले. कारण असं दिलं जातं, की शरीर आपसूक करत असलेल्या कामात आपण जाणीवपूर्वक हात घातला की ते आखडतं. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून बघा, हमखास अडखळाल.

त्यानंतर अशा अभ्यासांची रांगच लागली. २०१० साली ब्राझीलमधल्या पोहणाऱ्यांवरचा एक अभ्यास आपल्या किनाऱ्याच्या कामाचा आहे. ‘हात मागे ओढ’ असं सांगितलेल्यांपेक्षा ‘पाणी मागे ढकल’ असं सांगितलेले वेगाने पोहले. हालचाल तीच, फक्त दोन शब्द वेगळे. २०१३ साली ब्राझीलमध्येच बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर फेकायला शिकवलं. तिथेही हाताकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पिशवीकडे लक्ष देणाऱ्यांचं शिकणं सरस ठरलं.

हे सगळं वाचून मी खूश झाले होते. नियम सापडला, शरीराविषयी काही बोलायचं नाही, फक्त बाहेरचं सांगायचं! दोन वर्षं मी प्रत्येक पालकाला हेच सांगितलं. काही मुलांना फायदा झाला. काहींना अजिबात नाही, आणि त्या मुलांसाठी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. माझी ती चूक होती.

मग हाँगकाँगमधला एक अभ्यास वाचनात आला. २०१९ साली ‘ऑटिझम’ या नियतकालिकात तो छापून आला होता. ऑटिझम असलेल्या ६५ मुलांना फेकण्याचं कौशल्य शिकवलं. एका गटाला बाहेरच्या सूचना दिल्या, एकाला आतल्या आणि एकाला कसल्याच नाहीत. नंतर सूचना बंद करून तपासलं तेव्हा आतल्या सूचना मिळालेली मुलं पुढे निघाली. म्हणजे इतरांसाठी जे खरं ठरत आलं होतं, त्याच्या उलट. एका अभ्यासावर नियम उभा राहत नाही, पण माझा आधीचा नियम मोडायला तो पुरेसा होता.

असं का व्हावं? त्याची एक वाट २००९ सालच्या एका अभ्यासात दिसते. बाल्टिमोरमधल्या संशोधकांनी मुलांना एका यंत्राचा दांडा धरून हात हलवायला दिला. यंत्र मध्येच हाताला ढकलायचं आणि मुलांना त्याच्याशी जुळवून घ्यायचं होतं. शिकताना ऑटिझम असलेली मुलं डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा स्नायू आणि सांध्यांतून कळणाऱ्या जाणिवेवर जास्त विसंबली. म्हणजे बघून कळण्यापेक्षा आतून कळण्यावर त्यांची भिस्त जास्त होती. ज्या मुलाचं शरीर असं आतून शिकतं, त्याला ‘परातीकडे बघ’ यापेक्षा ‘हात इथे जड होतो बघ’ हे जवळचं वाटत असेल. हा माझा अंदाज आहे, पण वरच्या दोन्ही निष्कर्षांशी तो जुळतो.

चिवल्यावरच्या त्या मुलाचे आजोबा कोळंबच्या खाडीत पाग टाकतात. पाग म्हणजे काठाला शिशाच्या गोळ्या लावलेलं गोल जाळं. ते हातावर, खांद्यावर घडीने घ्यायचं आणि अंगाला झोका देऊन असं सोडायचं, की पाण्यावर पडताना पूर्ण उघडलं पाहिजे. चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा आजोबा नातवाला वाळूवरच पाग सोडायला शिकवत होते. त्यांनी तोंडाने काही सांगितलं नाही. ओलं जाळं त्याच्या खांद्यावर ठेवलं, मागे उभे राहिले, त्याच्या कोपराखाली आपला तळवा धरला आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "जड लागतां?" मुलगा म्हणाला, "हां." "जड लागलां काय सोड." तिसऱ्या-चौथ्या वेळी जाळं अर्धंमुर्धं उघडलं. गोल पडलं नाही, पण मुलगा खांद्यावर पुन्हा जाळं घ्यायला स्वतः वाकला. आईच्या पाच सूचनांनी जे झालं नव्हतं, ते एका वजनाने झालं.

त्या आजोबांनी कुठलाही अभ्यास वाचलेला नाही. त्यांची सूचना आतली होती, एकच होती आणि शब्दांत कमी, स्पर्शात जास्त होती. दुसऱ्या एखाद्या मुलाला मात्र हाच स्पर्श सोसला नसता. त्याला समोर वाळूत काठीने गोल काढून ‘जाळं या गोलात’ एवढं सांगणं पुरलं असतं. आपल्या मुलाचं काय, हे पुस्तक सांगणार नाही. ते घरी बघावं लागेल आणि बघणं फार अवघड नाही.

जुन्या कापडाच्या चार-पाच छोट्या पिशव्या शिवा, त्यांत तांदूळ किंवा चिंचोके भरा. साधारण मुठीत मावेल एवढी पिशवी. समोर दोन मीटरवर एक पितळी परात ठेवा. पितळीच का? पिशवी पडली की ती वाजते. जमलं की नाही हे मुलाला तुमच्या ‘शाब्बास’ची वाट न बघता कळतं. आवाजाचा त्रास होणारं मूल असेल तर परातीऐवजी सूप किंवा वाळूतला गोल चालेल. रोज वीस वेळा फेकायचं. पाच-पाच फेकींनंतर थांबायचं, पाणी प्यायचं, हवं तर फेस बघून यायचं.

पहिले तीन दिवस फक्त बाहेरचं एक वाक्य: ‘पिशवी परातीत.’ चौथा दिवस मुका. त्या दिवशी काही सांगायचं नाही, फक्त मोजायचं आणि वहीत लिहायचं. पुढचे तीन दिवस फक्त आतलं एक वाक्य: ‘हात सरळ, सोड.’ हवं तर त्याच्या हाताला हलकेच धरून, तेही आधी विचारून. पुन्हा एक मुका दिवस. मग पहिलं वाक्य परत तीन दिवस आणि पुन्हा मुका दिवस. पहिल्याकडे परत यायचं कारण साधं आहे. दिवस जातील तसं मूल सरावानेही सुधारतं. परत आलो नाही तर दुसरं वाक्य चांगलं म्हणून जमलं की नुसत्या सरावाने, हे कळणार नाही.

मुक्या दिवसाचा आकडा हाच खरा आकडा. बाकीच्या दिवशी मूल तुमच्या शब्दाच्या आधाराने फेकत असतं. आधार काढल्यावर जे उरतं ते त्याचं शिकणं. सरावाच्या वेळी छान जमलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरलं, अशी तक्रार पालक करतात. त्यात विसरणं फार नसतं, आदल्या दिवशी ते आपणच करत होतो. शेवटी एकदा परात बदला, अंतर थोडं वाढवा, किनाऱ्यावर जा आणि काही न सांगता बघा. घरच्या परातीत वीसपैकी पंधरा आणि किनाऱ्यावर तीन, तर अजून पुरतं शिकलेलं नाही.

आकड्याशेजारी आणखी एक खूण करा, मूल कसं होतं त्याची. हसलं का, हात फडफडवले का, कानावर हात ठेवले का, स्वतःहून पुढची पिशवी उचलली का. दोन्ही वाक्यांचे आकडे सारखे आले तर मूल ज्याने खुलतं ते वाक्य ठेवा. आणि मूल नको म्हणालं, शब्दाने किंवा पाठ फिरवून, तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला.

सांगण्याची वेळही महत्त्वाची. सूचना फेकण्याआधी द्या आणि हात उचलला की गप्प बसा. हालचाल चालू असताना आलेला शब्द, मग ते कौतुक का असेना, लक्ष पळवतो. त्याच वेळी ‘माझ्या डोळ्यांत बघ’ हा आग्रह तर मुळीच नको. काही मुलांना नजर भिडवण्यातच सगळी ताकद घालवावी लागते, मग हाताला काही उरत नाही.

आता शब्दांविषयी, कारण आपल्याकडे मोठी गफलत इथेच होते. घरी आजी म्हणते ‘उडय’, शाळेत गुरुजी म्हणतात ‘फेक’, थेरपीला गोव्याला किंवा कोल्हापूरला गेलं की तिथे ‘थ्रो’. एका कृतीला तीन शब्द. आपल्याला ते एकच वाटतं. भाषेशी झुंजणाऱ्या मुलाला आधी तिन्ही एकच आहेत हे शिकावं लागतं आणि मग हात हलवायचा. घरात बसून ठरवा, कुठला शब्द. मी तरी घरचा मालवणी शब्द ठेवायला सांगते. तो मुलाच्या कानावर जन्मापासून पडलेला असतो. थेरपिस्टना आणि शिक्षकांना तोच वापरायची विनंती करा, बहुतेक जण आनंदाने ऐकतात. मालवणी बोललं तर मुलाचं मराठी बिघडेल ही भीती सोडून द्या.

दुसरी गफलत वाक्प्रचारांची. ‘हात चालव’, ‘पाय उचल’, ‘चेंडूवर डोळा ठेव’. यांचा अर्थ आपल्याला कोणी शिकवलेला नाही, तो ऐकता ऐकता कळला. ऑटिझम असलेली अनेक मुलं शब्द आहे तसा घेतात. ‘पाय उचल’ म्हटल्यावर एक मुलगी भर रस्त्यात एका पायावर उभी राहिलेली मी पाहिली आहे. ती अगदी बरोबर होती, सांगणाऱ्याला ‘लवकर चल’ असं म्हणायचं होतं. म्हणून सूचना आतली असो की बाहेरची, शब्दशः खरी असली पाहिजे. ‘चेंडूवर डोळा ठेव’ऐवजी ‘चेंडू बघ’.

पाण्याबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना पाण्याची जबर ओढ असते आणि त्यातली काही कोणाला न सांगता निघून जातात. आपल्या घरांमागे विहीर, पऱ्ह्या, खाडी, समोर समुद्र. देवबाग-तारकर्लीला तर एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला दर्या. पोहणं इथे छंद म्हणून नाही, जीव राखण्यासाठी शिकवायला हवं. शांत, उथळ, कडा दिसणाऱ्या पाण्यात सुरुवात करा. लाइफ जॅकेट आणि हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस, ज्याच्या हातात मोबाइल नाही. पावसाळ्यात समुद्र नाही म्हणजे नाही. शिकवताना ‘पाणी मागे ढकल’ आणि ‘हात मागे ओढ’ ही दोन्ही वाक्यं परातीसारखीच आलटून पालटून बघा. पाणी सगळीकडून अंगाला दाबतं. ज्या मुलाला आतून कळतं, त्याला पाण्यात आपलं शरीर कुठे आहे हे जमिनीपेक्षा चांगलं कळतं, असा माझा अनुभव आहे.

आणि कुठवर जाता येतं? मुंबईची जिया राय, ऑटिझम असलेली, नौदलातल्या कर्मचाऱ्याची मुलगी. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली. पुढच्या वर्षी पाल्कची सामुद्रधुनी, २०२४ च्या जुलैत इंग्लिश खाडी. प्रत्येक मुलाने जिया व्हावं असं मी म्हणत नाही, तसं ओझं कोणत्याच मुलावर नको. पण चिवल्याला डिसेंबरात होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत दिव्यांग पोहणारेही उतरतात. ते बघायला मुलाला आणि त्याच्या शिक्षकांना जरूर घेऊन जा.

सरकारी बाजू थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम ही स्वतंत्र नोंद आहे, म्हणजे प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बोलण्याबरोबर हालचालींची अडचणही स्पष्ट सांगा. तुम्ही सांगितली नाही तर ती कागदावर येणार नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट भेटले तर ‘माझ्या मुलाला सांगून कळतं, दाखवून कळतं की धरून कळतं?’ हा प्रश्न विचारा आणि आपली वही त्यांच्यापुढे ठेवा.

शेवटी खेळाच्या शिक्षकांशी बोलायचं आहे. एका शाळेच्या क्रीडादिनाला मी गेले होते. सगळी मुलं मैदानात आणि माझा एक विद्यार्थी सावलीत खुर्चीवर, गुणतक्ता धरून. "त्याला झेपत नाही, म्हणून मानाचं काम दिलं," असं मला सांगण्यात आलं. मनात वाईट हेतू नव्हता हे मला माहीत आहे. पण तो मुलगा घरच्या परातीत वीसपैकी चौदा पिशव्या टाकत होता आणि ते तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. मीही त्यांना सांगितलं नव्हतं.

गुरुजी, बाई, तुमच्या वर्गात असं मूल असेल तर येत्या सोमवारच्या तासाला दहा मिनिटं त्याच्यासाठी ठेवा. घरी कुठलं वाक्य चालतं ते त्याच्या आईला विचारा, तेवढंच एक वाक्य म्हणा आणि मग गप्प राहून मोजा.